नाक उचललेल्या गाडीची भूमिती: १९६८ च्या कॅमॅरोचे पुढचे सस्पेन्शन

पावमैल

नमस्कार. १९६८ ची शेव्हरोले कॅमॅरो पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या सरळ शर्यतीसाठी तयार करण्याचे काम चालू आहे आणि पुढच्या सस्पेन्शनपाशी येऊन ते अडले आहे. जाणकारांचे मार्गदर्शन हवे, म्हणून हा धागा काढत आहे.

गाडीची सद्यःस्थिती अशी आहे. इंजिन ३५० घन इंचांचे व्ही-८ आहे. पुढे मूळचेच वरचे आणि खालचे कंट्रोल आर्म (चाकाला सांगाड्याशी जोडणारे, वर-खाली हलणारे दांडे) असून मध्ये कॉइल स्प्रिंग आहे, आणि स्टिअरिंगची सगळी जोडणी चाकांच्या मध्यरेषेच्या मागे आहे. अँटी-रोल बार (गाडीचा बाजूला होणारा कल रोखणारा दांडा) काढून टाकला आहे, मूळच्यापेक्षा मऊ आणि उंच स्प्रिंग बसवल्या आहेत, आणि शॉक अॅब्सॉर्बर नव्वद-दहा प्रकारचे आहेत, म्हणजे उघडताना जवळपास मोकळे आणि दबताना घट्ट. मागे स्लिक (खाचा नसलेले) टायर आहेत व त्यांना जागा मिळावी म्हणून मागची बाजू सुमारे ७५ मिलिमीटर उचललेली आहे. अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी) कारखान्याच्या मूळ आकड्यांप्रमाणे करून घेतलेले आहे.

अडचण अशी आहे की, सुटताना नाक व्यवस्थित वर येते आणि गाडी सरळ निघते. परंतु दुसरा गिअर पडून नाक खाली येऊ लागले की गाडी आधी डावीकडे ओढ घेते, आणि मी हाताने ती सावरेपर्यंत उजवीकडे झेपावते. शिवाय शेवटच्या रेषेनंतर ब्रेक लावताना स्टिअरिंग अगदी हलके आणि दिशाहीन वाटते. वरचे कंट्रोल आर्म बदलावेत, संपूर्ण पुढचा भागच नव्या पद्धतीचा बसवावा, की आहे त्याच सांगाड्यात सुधारणा करता येईल? गाडीचे जुने रूप टिकावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मापपट्टी

पावमैल, आपण लक्षणे फार नेमकी लिहिली आहेत, त्यामुळे निम्मे काम सोपे झाले. नवे सुटे भाग मागवण्यापूर्वी एक गोष्ट करावी: पुढची चाके त्यांच्या संपूर्ण हालचालीत कोणत्या दिशेला तोंड करतात ते मोजावे. अलाइनमेंटच्या यंत्रावर गाडी उभी असते आणि आकडे त्या एकाच उंचीचे मिळतात. ड्रॅगची गाडी मात्र त्या उंचीवर फारच थोडा वेळ असते. सुटताना नाक ७५ ते १०० मिलिमीटर वर, गिअर बदलताना मध्येच कुठेतरी, आणि ब्रेक लावल्यावर मूळ उंचीच्याही खाली. नाक वर गेले की चाक बॉडीच्या मानाने खाली लोंबते, म्हणून या गाडीची भूमिती उभ्या स्थितीत जुळवून भागत नाही, ती मुख्यतः चाक खाली लोंबण्याच्या दिशेने जुळवावी लागते.

मोजण्यापूर्वी सबफ्रेम (पुढचे सस्पेन्शन पेलणारा सांगाडा) तपासून घ्यावी. या कॅमॅरोची पुढची सबफ्रेम बॉडीला रबरी गाद्यांवर बोल्टने जोडलेली असते आणि इतक्या वर्षांत ती थोडी सरकलेली असणे अगदी शक्य आहे. ओळंबा सोडून जमिनीवर खुणा कराव्यात, बॉडीवरील ठरावीक छिद्रे आणि सबफ्रेमवरील बिंदू यांमधील कर्ण मोजावेत, आणि दोन्ही कर्ण सारखे आल्याशिवाय पुढे जाऊ नये. रबर गेलेले असेल तर या कामासाठी अॅल्युमिनियमच्या भरीव गाद्या बसवणे योग्य ठरेल.

त्यानंतर बम्प स्टिअरचे, म्हणजे चाक वर-खाली होताना आपोआप किती वळते त्याचे, माप घ्यावे. चालकाच्या वजनाइतके वजन आसनावर ठेवून गाडी शर्यतीच्या स्थितीत उभी करावी आणि हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर लिहून ठेवावे. मग सबफ्रेमखाली स्टँड लावून स्प्रिंग काढाव्यात, स्टिअरिंग बरोबर मध्यावर घट्ट अडकवावे, हबला एक सपाट पत्रा बोल्टने बसवावा आणि त्या पत्र्याच्या पुढच्या व मागच्या कडेला एकाच उंचीवर दोन डायल गेज टेकवावेत. खालच्या आर्मखाली जॅक ठेवून चाक १५-१५ मिलिमीटरने हलवावे. दोन गेजमधील फरक म्हणजे टोमधील, म्हणजे वरून पाहता चाकाचा पुढचा भाग आत (टो-इन) किंवा बाहेर (टो-आउट) किती वळला आहे त्यातील, बदल. मूळ उंचीच्या वर ४० मिलिमीटर आणि खाली निदान १०० मिलिमीटर इतका टप्पा घ्यावा, आणि डावे व उजवे चाक स्वतंत्रपणे मोजावे. दोन्हींचे आकडे सारखेच येतील असे गृहीत धरू नये.

बम्प स्टिअर होण्याचे कारण असे. खालचा आर्म, वरचा आर्म आणि टाय रॉड (स्टिअरिंगची ओढ चाकापर्यंत नेणारा दांडा) ही तिन्ही आपापल्या बिजागरीभोवती वर्तुळाकार फिरतात. टाय रॉडचे वर्तुळ आर्मच्या वर्तुळांशी जुळले नाही, तर चाक खाली जाता जाता टाय रॉड ते ओढते किंवा ढकलते. हिशेब सोपा व्हावा म्हणून सोयीचे आकडे घेते: खालचा आर्म ३८० मिलिमीटर, टाय रॉड ३५०, दोन्ही सुरुवातीला आडव्या पातळीत. चाक १०० मिलिमीटर खाली गेले की आर्मचे टोक १३.४ मिलिमीटर आत येते आणि टाय रॉडचे १४.६. फरक केवळ १.२ मिलिमीटर, पण स्टिअरिंग आर्म (टाय रॉड ज्याला जोडतात तो चाकाकडचा दांडा) १५० मिलिमीटरचा असेल, तर ६६० मिलिमीटर व्यासाच्या टायरच्या कडेवर तोच फरक ५ मिलिमीटरहून अधिक टो होऊन दिसतो. आता टाय रॉडची लांबी तीच ठेवून त्याचे बाहेरचे टोक २० मिलिमीटर खाली बसले आहे असे माना. तेवढ्याच हालचालीत फरक १.२ वरून ७.२ मिलिमीटरच्या पुढे जातो आणि टायरवर टो ३० मिलिमीटरच्या वर! प्रत्यक्ष गाडीत आर्म तिरके असतात, त्यामुळे आकडे वेगळे येतील, परंतु यातून एक गोष्ट स्पष्ट होते: लांबीतील ३० मिलिमीटरच्या चुकीपेक्षा उंचीतील २० मिलिमीटरची चूक कितीतरी महाग पडते.

आपल्या गाडीत जोडणी चाकांच्या मागे असल्यामुळे टाय रॉडने आत ओढले की चाकाचा मागचा भाग आत येतो आणि पुढचा बाहेर जातो, म्हणजे टो-आउट. जोडणी पुढे असलेल्या गाड्यांत याच्या नेमके उलट घडते. इतरांचे आकडे वाचताना ही बाब विसरू नये.

सरळरेष

मापपट्टीताईंनी टोविषयी सविस्तर लिहिलेच आहे. ब्रेक लावताना स्टिअरिंग दिशाहीन वाटते याचे उत्तर मात्र माझ्या मते कॅस्टरमध्ये आहे.

दरवाज्याची बिजागरी किंचित तिरकी बसवली, तर दरवाजा आपसूक एका जागी येऊन थांबतो. चाकाचा वळण्याचा अक्ष मागे कललेला असला की चाकही तसेच सरळ रेषेकडे परत येते. हा मागचा कल म्हणजे धन कॅस्टर. त्या काळच्या कॅमॅरोत तो सुमारे अर्धा अंशच ठेवलेला असे, कारण पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडीही सामान्य माणसाला सहज वळवता यायला हवी होती आणि टायर जुन्या बायस-प्लाय (तिरक्या थरांच्या) रचनेचे होते. रोजच्या वापरासाठी तो विचार योग्यच होता.

आता आपल्या गाडीचा हिशेब मांडू. चाकांमधील अंतर १०८ इंच, म्हणजे २७४३ मिलिमीटर. मागची बाजू ७५ मिलिमीटरने उचलली की संपूर्ण गाडी पुढे सुमारे १.६ अंश झुकते आणि तेवढाच कॅस्टर वजा होतो. अलाइनमेंट करताना मागे स्लिक टायर नसतील किंवा गाडी वेगळ्या उंचीवर असेल, तर कागदावर अर्धा अंश आणि शर्यतीच्या स्थितीत उणे एक अंश अशी अवस्था असू शकते. ब्रेक लावल्यावर नाक आणखी ५० मिलिमीटर खाली गेले की आणखी एक अंश गेला, आणि त्याच वेळी मागची बाजू वर उचलली जाते तो भाग वेगळाच. म्हणजे सर्वांत अधिक वेगाला, जिथे चाकांनी स्वतःहून सरळ राहायला हवे, नेमका तिथेच कॅस्टर ऋण. याउलट सुटताना नाक १०० मिलिमीटर वर आले की २.१ अंश कॅस्टर फुकट मिळतो, म्हणून तेव्हा गाडी शहाण्यासारखी वागते.

शर्यतीच्या उंचीवर, चालकाच्या वजनासह, ५ ते ६ अंश धन कॅस्टर ठेवावा असे माझे मत आहे. वरच्या आर्मच्या आडव्या दांड्याचे पुढचे टोक बाहेर आणि मागचे टोक आत सरकवले की वरचा बॉल जॉइंट (आर्म आणि चाकाकडचा भाग जोडणारा गोल सांधा) मागे जातो. या गाडीत त्यासाठी पुढच्या बोल्टवरच्या शिम (पातळ पट्ट्या) काढून मागच्या बोल्टवर घालतात. परंतु एवढ्याने फार तर एखाद-दोन अंश मिळतील आणि शिमचा गठ्ठा उगाच जाड होईल. उरलेल्यासाठी बॉल जॉइंट मुळातच मागे ठेवलेले नळीचे आर्म घ्यावेत. दोन्ही बाजूंचा कॅस्टर सारखा ठेवावा. सरळ धावणाऱ्या गाडीत डाव्या-उजव्यात फरक ठेवण्याचे काहीच कारण नाही.

जुनागडी

माझा अनुभव मस्टँगचा आहे. फोर्डचे अभियंता क्लाउस आर्निंग यांनी सुचवलेला वरच्या आर्मची बिजागरी एक इंच खाली आणण्याचा बदल १९६५ च्या शेल्बी जीटी ३५० मध्ये होता, आणि त्याने पुढचा भाग किती सुधारतो हे अनेकांना ठाऊक आहे. कॅमॅरोतही वरची बिजागरी खाली घेतात. मूळ कॅम्बरची (समोरून पाहता चाकाच्या कलाची) वक्ररेषाच वाईट असेल, तर प्रथम तीच का सुधारू नये? दुसरे असे की, पुढे मऊ स्प्रिंग लावून नाक जितके अधिक वर जाईल तितके वजन मागे जाते, तेव्हा वर जाण्याचा प्रवास वाढवण्याकडेही लक्ष द्यावे.

मापपट्टी

जुनागडी साहेब, तो बदल उत्तम आहे यात शंका नाही, पण तो वळणासाठी आहे. वळताना बाहेरचे चाक वर दबते आणि मूळ रचनेत त्याचा वरचा भाग बाहेर झुकतो; बिजागरी खाली आणली की तोच भाग आत झुकतो आणि टायर जमिनीला धरून राहतो. ड्रॅगच्या गाडीत चाक वर दबतच नाही म्हटले तरी चालेल, ते खाली लोंबते. मूळ रचनेत लोंबताना वरचा बॉल जॉइंट आत ओढला जाऊन कॅम्बर ऋण होतो. बिजागरी खाली घेतल्यास सुरुवातीला तो बाहेर जाऊन कॅम्बर धन होतो. दिशा बदलली, साधले काहीच नाही. शिवाय त्या क्षणी पुढच्या अरुंद टायरवर भार इतका कमी असतो की एक-दोन अंश कॅम्बरने गाडीची दिशा ठरत नाही.

याहून महत्त्वाचे असे की, वरचा आर्म हलवला की दोन्ही आर्मच्या रेषा जिथे मिळतात तो बिंदूही हलतो. टाय रॉडची रेषा त्याच बिंदूकडे जायला हवी असते. म्हणजे जे नको आहे ते मिळवण्यासाठी टाय रॉडची जुळणी बिघडवून घ्यायची. वळणाच्या शर्यतीत मी हा बदल पहिल्याच दिवशी करीन, इथे नाही.

सरळरेष यांच्या सल्ल्याला एक जोड द्यावीशी वाटते, आणि कृपया ती गांभीर्याने घ्यावी. या गाडीत स्टिअरिंग आर्म चाकाच्या मागे आहे. कॅस्टर वाढवण्यासाठी स्पिंडलचा (चाक ज्यावर फिरते त्या भागाचा) वरचा भाग मागे कलवला की मागे गेलेला स्टिअरिंग आर्म खाली झुकतो. १५० मिलिमीटरचा आर्म आणि ५ अंशांचा बदल धरला, तर टाय रॉडचे बाहेरचे टोक १३ मिलिमीटर खाली येते. वरच्या उदाहरणात २० मिलिमीटरने काय झाले ते आठवावे. कॅस्टर वाढवून गाडी सरळ चालेल या अपेक्षेने नवे आर्म बसवले आणि नाक वर गेले की चाके पूर्वीपेक्षा अधिक फाकू लागली, असे याच कारणाने घडते. त्यामुळे आधी उंची, मग कॅस्टर आणि त्यानंतरच बम्प स्टिअर, हा क्रम मोडू नये.

वजनकाटा

वजन मागे जाण्याबद्दल थोडे लिहितो, कारण हा समज सर्वत्र आढळतो.

मागे किती भार जातो हे तीन गोष्टींवर ठरते: प्रवेग, गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांमधील अंतर. गाडी १५०० किलोची, गुरुत्वमध्य ५५० मिलिमीटरवर, अंतर २७४३ मिलिमीटर आणि प्रवेग १ जी (गुरुत्वाकर्षणाच्या प्रवेगाइतका) धरल्यास पुढून मागे सुमारे ३०० किलो भार जातो. पुढे स्थिर स्थितीत ५५ टक्के, म्हणजे ८२५ किलो असतील, तर ते सव्वापाचशेच्या आसपास उरतात. या सूत्रात स्प्रिंग किती मऊ आहे याला जागाच नाही. नाक वर गेल्याने गुरुत्वमध्य ५० मिलिमीटरने उंचावला, तर भार २७ किलोंच्या आसपास वाढतो. लाभ आहे, पण लोक समजतात तेवढा नाही. मऊ स्प्रिंग आणि मोकळा शॉक यांचे खरे काम वेळ साधण्याचे आहे: टायरवर भार झटक्यात न येता योग्य वेगाने यावा आणि टायरची पकड सुटण्याच्या आत तो पोहोचावा.

म्हणून प्रवासाला मर्यादा घालणे मला आवश्यक वाटते. वरच्या आर्मखाली जाड रबरी ठोकळा किंवा पट्टा लावून चाक किती लोंबेल ते ठरवावे. भूमिती जेवढ्या टप्प्यात जुळलेली आहे, तेवढ्यातच चाक राहील याची ती हमी आहे. मर्यादा अतिशय कमी ठेवली, तर नाक एकदम थांबून मागच्या टायरला धक्का बसतो. म्हणून थोडे थोडे कमी करत जावे आणि प्रत्येक वेळी चाचणी घ्यावी.

इंजिनच्या पिळामुळे बॉडी उजवीकडे कलते आणि पुढचे डावे नाक उजव्यापेक्षा अधिक उचलले जाते. अँटी-रोल बार काढल्यावर तर हा फरक आणखी वाढतो. त्यामुळे डाव्या आणि उजव्या चाकाचा प्रवास कधीच सारखा नसतो, आणि बम्प स्टिअर असेल तर दोन्ही चाके वेगवेगळी फिरतात.

नव्वद-दहा शॉकविषयीही माझे मत स्पष्ट आहे. ते नाक वर नेतात, पण खाली यायला फार उशीर लावतात, आणि वेग वाढलेला असताना गाडी नाक वर करूनच धावत राहते. उघडणे आणि दबणे स्वतंत्रपणे जुळवता येणारे शॉक महाग असले तरी या गाडीवर जो पहिला मोठा खर्च करायचा तो त्यांवरच करावा.

टॉर्शनबार

क्रायस्लरच्या गाड्यांवर काम करणाऱ्यांसाठी एक नोंद. १९६८ च्या डॉज डार्ट किंवा प्लिमथ बाराकुडामध्ये पुढे कॉइलऐवजी, पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणारे लांब टॉर्शन बार असतात. सहा सिलिंडरच्या मॉडेलचे बारीक बार व्ही-८ गाडीत घालून पुढचा भाग मऊ करण्याची रीत जुनीच आहे. समायोजनाचा बोल्ट फिरवून उंची बदलता येते ही मोठी सोय, पण बोल्ट फिरवला की वर सांगितलेली सगळी मापे पुन्हा घ्यावी लागतात. या गाड्यांत, तसेच जुन्या मस्टँग-फाल्कनमध्येही, खालच्या आर्मला पुढून धरणारा स्ट्रट रॉड असतो. चाक लोंबताना तो आपल्या वर्तुळात फिरून आर्मला पुढे ओढतो, म्हणजे कॅस्टरही बदलत राहतो. त्याचे रबर मऊ पडलेले असेल, तर कोणताही आकडा टिकत नाही. कॅमॅरोत ही कटकट नाही, कारण तिचा खालचा आर्म दोन बुशांवर (बिजागरीतील अस्तरांवर) रुंद बसलेला असतो.

पावमैल

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मापपट्टीताईंच्या पद्धतीने मापे घेतली. सबफ्रेमचे कर्ण जुळले. शर्यतीच्या स्थितीत कॅस्टर दोन्ही बाजूंना ऋण निघाला, सरळरेष यांच्या अंदाजाच्या अगदी जवळ. बम्प स्टिअरचे आकडे मात्र गोंधळात टाकणारे आहेत. चाक ७५ मिलिमीटर खाली नेल्यावर डाव्या बाजूला ३ मिलिमीटर टो-आउट येतो आणि उजव्या बाजूला २ मिलिमीटर टो-इन. दोन्ही बाजूंचे आर्म, टाय रॉड आणि स्पिंडल एकसारखे आहेत, मग चिन्हच उलट कसे? पुन्हा मोजले तरी तेच.

मापपट्टी

पावमैल, आकडे अजिबात गोंधळाचे नाहीत, उलट आपली पहिली तक्रार त्यांत जशीच्या तशी उमटली आहे. डावे चाक टो-आउट म्हणजे ते डावीकडे पाहते. उजवे चाक टो-इन म्हणजे तेही डावीकडेच पाहते. नाक वर असताना दोन्ही चाके मिळून गाडी डावीकडे वळवत आहेत. सुटताना पुढे भार कमी असल्यामुळे ते जाणवत नाही. नाक उतरू लागले आणि टायरवर भार परतला, की चाके अजून डावीकडे पाहत असल्याने गाडी डावीकडे ओढ घेते. आपण स्टिअरिंग उजवीकडे देता, तोवर नाक पूर्ण खाली येऊन चाके आपोआप सरळ होतात, आणि आपण दिलेले उजवे वळण तेवढे शिल्लक राहते.

भाग सारखे असूनही चिन्ह उलटते, याचा अर्थ टाय रॉडची आतली टोके वेगवेगळ्या उंचीवर आहेत. सेंटर लिंक, म्हणजे दोन्ही टाय रॉडना जोडणारा आडवा दांडा, डाव्या टोकाला पिटमन आर्मवर (स्टिअरिंग बॉक्सने फिरणाऱ्या दांड्यावर) आणि उजव्या टोकाला आयडलर आर्मवर (नुसत्या आधाराच्या दांड्यावर) टांगलेला असतो. खालच्या आर्मच्या आतल्या बोल्टपासून सेंटर लिंकच्या दोन्ही टोकांची उंची मोजावी. उजवे टोक खाली आहे असे आढळेल, असा माझा अंदाज आहे. मग आयडलर आर्म हाताने वर-खाली हलवून पाहावा. खेळ असेल तर तो आधी बदलावा, आणि शक्यतो बेअरिंगचा घ्यावा, म्हणजे उंची पुन्हा ढळणार नाही.

पावमैल

अंदाज खरा ठरला. उजवे टोक ६ मिलिमीटर खाली आहे आणि आयडलर आर्ममध्ये बोटांना जाणवेल इतका खेळ आहे. तो बदलून सेंटर लिंक समपातळीत आणतो. नळीचे वरचे आर्म ५ अंश कॅस्टरच्या हिशेबाने मागवत आहे. त्यानंतर दोन्ही बाहेरची टोके वर घ्यावी लागतील, हे आता समजले. एका ओळखीच्या कारागिराने स्टिअरिंग आर्म तापवून वर वाकवण्याचा सल्ला दिला आहे. तो करावा का?

सरळरेष

कृपया करू नये. स्टिअरिंग आर्म घडीव पोलादाचा असतो आणि त्याला कारखान्यात ठरावीक उष्णतेची प्रक्रिया दिलेली असते. गॅसच्या ज्योतीने तापवल्यावर त्याची ताकद कुठे किती गेली हे बाहेरून दिसत नाही. दोनशे किलोमीटरच्या वेगाला तो तुटला, तर चालकाच्या हातात काहीच उरत नाही.

त्याऐवजी बाहेरच्या टोकाला रॉड एंड (गोळ्याच्या सांध्याचे टोक) आणि स्पेसर (उंची बदलणाऱ्या कड्या) वापरावेत. स्टिअरिंग आर्मचे छिद्र निमुळते असते. त्याला त्याच निमुळतेपणाचा स्टड बसवावा, सरळ ड्रिल मारून ढिला बोल्ट घालू नये. रॉड एंडच्या बाहेरच्या बाजूला त्याच्या गोळ्यापेक्षा मोठा वॉशर हवाच, म्हणजे आतील गोळा निसटला तरी टाय रॉड सुटणार नाही. स्पेसर एकेक बदलत गेजवर पाहावे. लोंबण्याच्या संपूर्ण टप्प्यात, २५ मिलिमीटरला अर्ध्या मिलिमीटरहून कमी टो बदलला, तर समाधान मानायला हरकत नाही. आपण ज्या वर्गात धावणार आहात त्या वर्गाच्या नियमांत मूळ जोडणी बदलण्याची मुभा आहे की नाही, हे सुटे भाग घेण्यापूर्वी पाहावे.

शेवटी उभ्या स्थितीत दीड ते तीन मिलिमीटर टो-इन ठेवावा. मागच्या चाकांनी ढकललेल्या गाडीत पुढची चाके मागे रेटली जातात आणि जोडणीतला उरलासुरला खेळ टो-आउटच्या दिशेने जातो. धावताना चाके सरळ यावीत म्हणून हा थोडा टो-इन.

वजनकाटा

नवे आर्म बसवताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. आर्मला रबरी बुश असतील, तर त्यांचे नट चाक लोंबत असताना आवळू नयेत. त्या स्थितीत आवळले की गाडी जमिनीवर उतरताच रबर पिळले जाते, ते दर वेळी स्प्रिंगसारखे विरोध करते आणि मऊ स्प्रिंगवर केलेला खर्च वाया जातो. गाडी शर्यतीच्या उंचीवर असतानाच ते आवळावेत. डेल्रिनचे (कडक प्लास्टिकचे) बुश घेतल्यास हा प्रश्न उरत नाही, आणि स्प्रिंग काढलेला आर्म स्वतःच्या वजनाने सहज खाली पडतो की नाही, यावरून ते नीट बसले आहेत का हे लगेच कळते.

दुसरी गोष्ट, मर्यादेचा ठोकळा बसवल्यावर चाक पूर्ण लोंबवून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे, आणि वरचा बॉल जॉइंट, रॉड एंड व ब्रेकची रबरी नळी यांपैकी काही अडते किंवा ताणले जाते का ते पाहावे. ५ अंश कॅस्टरमुळे बॉल जॉइंटचा कोन बदललेला असतो आणि पूर्ण लोंबल्यावर तो आपल्या कडेला टेकू शकतो. तसे दिसले, तर ठोकळा जाड करावा. बॉल जॉइंटने मर्यादेचे काम कधीही करता कामा नये.